गृहभेटीच्या बाई

"घाईनं हो म्हणू नका," हे बाईंचं पहिलं वाक्य असायचं. समोरचं जोडपं अजून खुर्चीत नीट टेकलेलंही नसायचं.

मी तेव्हा शहरातल्या एका शिशुगृहात टायपिंगला होते. मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि अहवाल लिहायचा, हे बाईंचं काम. अपंग मूल घ्यायला कोणी तयार झालं की आम्हाला आनंद व्हायचा. बाईंचा संशय मात्र दुप्पट व्हायचा.

एकदा एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "अशा लेकराला घर दिलं तर पुण्य लागेल."

बाईंनी फाईल मिटली. "पुण्यासाठी दुसरं काही बघा. हे लेकरू रोज हट्ट करणार आहे."

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, माणूस चांगला वाटत होता."

"चांगला वाटणाऱ्यालाच मी दोनदा बघते."

मला त्या कठोर वाटायच्या. मग तिथल्या मावशींनी एक जुनी गोष्ट सांगितली. एका हसऱ्या, गोड बोलणाऱ्या जोडप्याला बाईंनी एका भेटीतच पसंत केलं होतं. वाकड्या पावलाचं एक लेकरू त्यांच्याकडे गेलं. तीन महिन्यांनी ते त्याला परत घेऊन आले. "जमत नाही," म्हणाले. ते लेकरू कितीतरी दिवस पायातले बूट काढू देत नव्हतं. घरी जायचंय, म्हणायचं.

त्यानंतरची गोष्ट. फुलंब्रीहून एक जोडपं आलं. त्याचं पंक्चरचं दुकान, ती ब्लाउज शिवायची. त्यांना दाखवलेली मुलगी चार वर्षांची, दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर. दोघं तिच्याशी खेळले, पायांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

"बघितलंस? एकही प्रश्न नाही," बाई मला म्हणाल्या. "काहीतरी दडवतायत."

त्या न कळवता फुलंब्रीला गेल्या. पुन्हा गेल्या. शेजारी विचारलं, किराणा दुकानात विचारलं. तिसऱ्या खेपेला मीही सोबत होते. बायको शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही.

"आम्ही काय चोर वाटलो व्हय तुम्हाला?"

"मला सगळेच वाटतात," बाई म्हणाल्या. "पायांचं काहीच का विचारलं नाही?"

यंत्र थांबलं. "विचारलं असतं तर आम्ही भ्यालोय हे कळलं असतं. मग पोरगी दिली नसती तुम्ही." ती कापडाकडे बघत बोलत होती. "लई भीती वाटती. मोठी झाल्यावर मला उचलवंल का ती? आमच्यामागं तिचं कोण?"

नवरा दारात उभा होता. "मला बी वाटती," तो हळूच म्हणाला. "पण तिचा चेहरा डोळ्यापुढून जात नाय."

बाईंनी पाणी मागितलं. त्या घरात तोवर त्यांनी घोटभरही घेतलं नव्हतं. मग तासभर मांडी घालून कॅलिपर कसे चढवायचे, पाय कुठं सोलवटतो, ते कधी बदलायचे, सगळं समजावलं. परतताना बसमध्ये एवढंच बोलल्या, "योग्य, असं लिही."

पुढे बाई निवृत्त झाल्या. वर्षभरानं मी एका कामासाठी फुलंब्रीला गेले, तर शाळेसमोरच्या रसवंतीत बाई बसलेल्या.

"इकडं जरा काम होतं," त्या म्हणाल्या.

शाळा सुटली. ती पोरगी कॅलिपर खडखडवत बाहेर आली आणि फाटकातच तिनं एका मैत्रिणीची वेणी ओढली. आई न्यायला आली होती. तिनं पोरीचा दंड धरून चारचौघांत खडसावलं. पोरगी तोंड फुगवून पुढे चालू लागली. आईनं दप्तरही घेतलं नाही तिचं.

मला ते बघवेना. बाई मात्र बघतच राहिल्या.

"स्वतःच्या पोरीवर रागावतात तशी रागावली," त्या म्हणाल्या.

मी हाक मारायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. माय-लेकी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. मग बस आली आणि त्या चढल्या. त्यानंतर बाई मला कधी दिसल्या नाहीत.