दाजींची दाढी

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे फेसमामा म्हणतात. दाढीला बसलं की तो कानामागे, नाकाखाली, जमलं तर चष्म्यावरही फेस फासतो. गिऱ्हाईक सख्ख्या बायकोला ओळखू येईनासं झालं, की मगच वस्तरा उचलतो. तोंडाचा पट्टा तोवर चालूच.

दर रविवारी तो सरकारी अनुदानावरच्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांच्या दाढ्या फुकट करायचा. शेवटचा नंबर दाजींचा. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण वारली, पोरबाळ नाही, त्यात दाजींची उजवी बाजू लुळी पडली. गाल इतके खोल गेलेले, की तोंडात बोट घालून आतून फुगवल्याशिवाय वस्तरा फिरत नसे. बोट नेमकं एका फटीत बसायचं. तिथले दोन दात चाळीस वर्षांपूर्वी फेसमामानेच पाडले होते. दाजींनी बहिणीचा हात मोडला, म्हणून त्याने खुर्चीची डोकं टेकायची फळी उचलली होती. महिनाभर तुरुंगात बसूनही आला.

"बोट चावू का रे?" दाजी अर्ध्या तोंडाने विचारायचे.

"चावायला दात कुठे ठेवलेत मी?"

माफीबिफी दोघांनाही जमली नाही. दाढीवर भागवलं.

मग दुसऱ्या कुठल्याशा आश्रमात एका नोकराने म्हाताऱ्यांना बडवलं आणि हुकूम निघाला: नोकर असो की फुकट राबणारा, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीशिवाय आत पाऊल नाही. हुकूम चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं. फेसमामाच्या दाखल्यात ती जुनी शिक्षा ठळक उमटली.

"तुम्ही मारहाण केलीय," अधीक्षक बाई म्हणाल्या.

"केली. ज्याला केली, तो तुमच्याच सात नंबरच्या खाटेवर आहे. त्यालाच विचारा."

बाईंनी खरंच विचारलं. दाजी म्हणाले, "मार मी खाल्ला बाई, आणि पोटात तुमच्या का दुखतंय?"

बाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे पीडित व्यक्ती आमच्याकडेच आहे. मग तर तुम्हाला मुळीच आत सोडता येणार नाही."

फेसमामाचा अर्ज वर गेला. वर म्हणजे कुठे, ते देवालाही ठाऊक नसावं.

स्वच्छ दाखल्याचा नवा कारागीर आला. त्याने पहिल्याच रविवारी दाजींचा गाल तीन ठिकाणी कापला. दाजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. फेसमामा मात्र दर रविवारी फाटकापर्यंत जायचा.

"केवढी झाली?" तो वॉचमनला विचारायचा.

"गळ्यापर्यंत आली, मामा. डाव्या हाताने ओरबाडत बसतात दिवसभर."

"खाजत असणार. साबण चांगला वापरा म्हणावं," एवढंच बोलून तो परत फिरायचा. सलूनमध्येही त्याचं बोलणं आटलं. गिऱ्हाइकं घाबरली.

पाचव्या महिन्यात दाजी गेले. नातेवाईक एकच, म्हणून बाईंनी फेसमामाला कचेरीत बोलावून कागद पुढे केला. त्याने सवयीने खिशातून तो दाखला काढला.

"तो नको," बाई म्हणाल्या. "मृतदेह ताब्यात घ्यायला फक्त सही लागते."

फाटकाबाहेर त्याने शववाहिका थांबवली. ड्रायव्हर घड्याळ बघत बसला. फेसमामाने आधी कात्री चालवली, मग कानामागेपर्यंत फेस फासला आणि गालात बोट घातलं. फट जागेवरच होती.

"चावा आता, दाजी," तो म्हणाला आणि वस्तरा टेकवला.