रेक्टरबाईंचं मत

रेक्टरबाईंना हळू बोलता येत नसे. त्या चिडलेल्या असत असं नाही. साखर संपली एवढंच सांगायचं असलं तरी आवाज दोन खोल्या ओलांडून जाई. त्यांच्या आईला ऐकू कमी येई, त्यामुळे हैदराबादेतल्या त्यांच्या नल्लकुंट्याच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. आई गेली, आवाज राहिला. होस्टेलमधली एक मुलगी आजारी पडली तेव्हा बाई तिला बघायला दवाखान्यात आल्या, खाटेशी वाकल्या आणि आपल्या समजुतीनं अगदी तिच्या कानात म्हणाल्या, "हा डॉक्टर मला जरा बावळट वाटतोय. दुसऱ्याला दाखवू." डॉक्टर दारातच उभा होता. त्यानं निमूटपणे औषध बदललं.

अशा गोष्टी सांगून हसवायचं म्हटलं तर बाईंच्या पुष्कळ सांगता येतील. पण त्यांच्याविषयी लिहायला बसले की हसू टिकत नाही. राग येतो. बाईंना जाऊन वर्ष होत आलं, तरी तो कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मलाही वाटत नाही.

आमचं कॉलेज मुलींचं होतं, शहराच्या मध्यावर, मोठ्या रस्त्याला लागून. मागे होस्टेल. देगलूर, बिदर, निजामाबाद या बाजूच्या शेतकरी घरांतल्या मुली तिथं राहत. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हैदराबाद परकं नव्हतं. कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं इथंच. पण मुलीला शिकायला इथं ठेवायची म्हटलं की त्यांचा पाय अडखळे. माझे वडील मला घेऊन आले तेव्हा ऑफिसातल्या कारकुनानं त्यांना बराच वेळ खिडकीशी उभं ठेवलं होतं. बाई आतून आल्या, एक खुर्ची ओढत आणली आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बसा. लेकीला सोडायला आलात, गुन्हा करून नाही आलात." वडील बसले. ते बसले म्हणून मी शिकले, असं मला अजूनही वाटतं.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे मत. आमच्या संस्थेच्या संस्थापकांनी घटनेतच लिहून ठेवलं होतं की विश्वस्त मंडळातल्या दोन जागा माजी विद्यार्थिनींनी मतदान करून भरायच्या. डिग्री घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव बाई मतदार म्हणून नोंदवून घेत. कुणी टाळाटाळ केली तर म्हणत, "डिग्रीनं तुला नोकरी मिळेल. मतानं हे कॉलेज तुझं राहील." आम्ही सह्या करायचो आणि विसरून जायचो. निवडणूक कधी होतच नसे. संस्थेचे सेक्रेटरीसाहेब दोन नावं सुचवत, कुणाची मेहुणी, कुणाची वहिनी, आणि ती बिनविरोध येत. बाई नोकरीत होत्या तोवर नियमाप्रमाणे त्यांना उभं राहता येत नव्हतं. कुढत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तेव्हा त्या सेक्रेटरींच्या तोंडावर बोलत. सेक्रेटरी हसत. जुन्या वकील घराण्यातला माणूस, बोलणं अतिशय मऊ. त्या मऊपणाची मला आता शिसारी येते.

मग संस्थेचं खासगी विद्यापीठ झालं. रिंगरोडच्या पलीकडे काचेच्या इमारतींचा नवा कँपस उभा राहिला. बाई निवृत्त होऊन नल्लकुंट्याच्या घरात राहू लागल्या. आणि एका उन्हाळ्यात होस्टेलच्या मुलींना सांगण्यात आलं की इमारतीची दुरुस्ती करायची आहे, सामान हलवा. जून गेला, दिवाळी गेली, दुरुस्तीचा गवंडी काही आला नाही. कळलं ते असं, की त्या जागेवर कन्व्हेन्शन सेंटर होणार होतं, लग्नाचे हॉल, पार्किंग, सगळं. मुली आजूबाजूच्या पीजीत पांगल्या. ज्यांच्या घरच्यांना पीजी पसंत नव्हतं त्या गावी परत गेल्या. त्यांतल्या दोघींच्या लग्नाच्या पत्रिका बाईंना पोस्टानं आल्या. बाईंनी त्या पत्रिका माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "दोघींनाही गणितात चांगले मार्क होते. मी उभी राहणार आहे."

तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दुसऱ्या जागेसाठी त्यांनी मंगलला उभं केलं. मंगल माझ्याच बॅचची, होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवरची, आता मोठी डॉक्टर. पहिल्या वर्षी तिला कावीळ झाली तेव्हा बाईंनी तिला महिनाभर स्वतःच्या खोलीत ठेवून पेज खाऊ घातली होती. मंगल लगेच तयार झाली. तिला मतं मिळतील, माणसं तिला मानतात, असा बाईंचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

प्रचाराला मी आणि शहनाजआपा बाईंबरोबर जायचो. शहनाजआपा बाईंची याच कॉलेजात शिकत असल्यापासूनची मैत्रीण, दोन्ही गुडघे गेलेले, पण जिना दिसला की आधी चढायच्या. विद्यानगर, बरकतपुरा, तारनाका, घर घर करत आम्ही फिरलो. चहा सगळीकडे मिळाला. मत मागितलं की मात्र चेहरे बदलत. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या बायकोनं बाईंना समजावलं की या वयात राजकारण कशाला, देवाधर्माचं करा. बाईंनी विचारलं, तुम्ही होस्टेलला होता ना? ती होती. मग देवानंच तुम्हाला तिथं खोली दिली होती का, असं म्हणून बाई उठल्या, चहा अर्धा टाकून. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज टाळ्या, फुलं आणि जोडलेले हात. परदेशातल्या मैत्रिणी लिहीत, आम्ही मनानं तुमच्यासोबत आहोत. मतदान प्रत्यक्ष येऊनच करायचं होतं. मन घेऊन तिथं काय करायचं होतं?

मतदान जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये ठरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी निरोप आला की हॉलमध्ये विजेचं काम निघालं आहे, मतदान नव्या कँपसवर होईल. शहराबाहेर, भर उन्हाळ्यात, मतदारांत निम्म्या साठीच्या पुढच्या. हा निरोप वाचून मी फोन भिंतीवर मारायचाच बाकी ठेवला होता. बाई म्हणाल्या, रागाला उद्याचा दिवस आहे, आता गाड्या गोळा कर. आम्ही गोळा केल्या. मुलं, सुना, जावई, ज्यांच्या ज्यांच्या गाड्या होत्या त्यांना कामाला लावलं. दुसऱ्या दिवशी कँपसच्या फाटकावर पहारेकऱ्यानं गाड्या अडवल्या. बाहेरच्या वाहनांना आत सोडू नका असा हुकूम होता म्हणे. फाटकापासून इमारत चांगली लांब, रस्त्याला एकही झाड नाही. त्या रस्त्यानं पदर डोक्यावर घेऊन, छत्र्या उघडून, एकमेकींच्या खांद्याला धरून गेल्या पन्नास वर्षांतल्या पदवीधर बायका चालत होत्या. शहनाजआपा मधेच थांबल्या, काचेच्या इमारतींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हम तो यहाँ पढ़ेइच नहीं. ये किसका कॉलेज है?" सगळ्या पुन्हा चालू लागल्या.

आत मतपेटीच्या शेजारीच सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते. विद्यापीठात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थिनी रांगेत उभ्या होत्या, माना खाली. त्यांना नमस्कार करत, कुणाच्या मुलाची चौकशी करत, सेक्रेटरी प्रत्येकीकडे बघत होते. बाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उन्हानं चेहरा लाल झाला होता. त्यांनी सेक्रेटरींना बाहेर जायला सांगितलं.

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, हळू बोला. वरच्या मजल्यावर परीक्षा चालू आहे."

"परीक्षा इथंही चालू आहे," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही पोरींच्या वहीत डोकावताय. उठा."

तो आवाज वरच्या मजल्यावरही गेला असेल. रांगेतल्या एका मुलीनं मान वर केली, मग दुसरीनं. सेक्रेटरी उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

बाई निवडून आल्या, मंगलही आली. आम्ही आबिड्सला जाऊन इराणी चहा घेतला आणि शहनाजआपांनी सगळ्या हॉटेलाला सांगितलं की ये हमारी ट्रस्टी है. बाईंच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला नीट आठवतो, कारण तो पुरता महिनाभरसुद्धा टिकला नाही.

मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ठराव आला की निवडून आलेल्या विश्वस्तांना जागा-इमारतींच्या विषयात मत देता येणार नाही, फक्त सल्ला देता येईल. बाईंनी विरोध केला. ठराव मंजूर झाला. मग सेक्रेटरींनी बजावलं की बैठकीतलं बोलणं गोपनीय आहे, बाहेर जाता कामा नये. बाई जिना उतरून खाली आल्या आणि फाटकाशी उभ्या राहून त्यांनी घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, प्राध्यापकांना, शिपायांना, बसची वाट बघणाऱ्या मुलींना. त्यांना वेगळं काही जमणारच नव्हतं. मला तर वाटतं, जमलं असतं तरी त्यांनी केलं नसतं. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसानं मतदारांपासूनच लपवायचं, हा कुठला न्याय?

पुढच्या बैठकीत गोपनीयतेचा भंग केला म्हणून बाईंना विश्वस्तपदावरून काढण्यात आलं. ठरावावर सगळ्यांच्या सह्या होत्या. मंगलचीही होती.

ती बाईंना भेटायला आली तेव्हा मी तिथंच होते. ती म्हणत होती की आत राहून काही करता येईल असं तिला वाटलं, दोघीही बाहेर पडल्या तर होस्टेलचं बोलायला कुणीच उरणार नाही, आणि बाईंनी थोडं सबुरीनं घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. बाईंनी तिच्यासाठी स्वतः चहा केला, तिच्यासमोर ठेवला.

"मंगल, सही वाचून केलीस का?"

"हो, बाई."

"मग मला तुझा राग आहे. न वाचता केली असतीस तर कीव आली असती."

त्यानंतर त्यांनी मंगलकडे तिच्या मुलीची चौकशी केली, चहा संपेपर्यंत बसवलं आणि दारापर्यंत सोडायला गेल्या. मला ते जमलं नसतं.

बाईंनी कोर्टात दावा लावला. शहनाजआपांचा भाचा वकील, त्यानं कागद तयार केले. निकाल लागेपर्यंत होस्टेलच्या इमारतीला हात लावायचा नाही, एवढा हुकूम मिळाला. ज्या ग्रुपवर टाळ्या पडत होत्या तिथं आता कुणी लिहिलं की कोर्टात जाऊन बाईंनी संस्थेचं नाव खराब केलं. त्याखालीही टाळ्या पडल्या. मी बाईंना ते वाचून दाखवलं नाही, पण शहनाजआपांनी दाखवलं. बाई म्हणाल्या, त्यांना लिहू दे, फक्त पुढच्या वेळी मतदानाला यायला सांग. याच बायका पुन्हा मतदार असणार आहेत, त्यांच्यावर रागावून काय करू, असं त्या म्हणत. मी रागावत होते. या बायकांनी निवडणुकीच्या निकालानंतर एक दिवस, फक्त एक दिवस फाटकाशी येऊन विचारलं असतं की आमच्या मताचं काय केलंत, तर बाईंना काढायची सेक्रेटरींची छाती झाली नसती.

गेल्या मे महिन्यात बाई गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कोणत्याच बाबतीत गप्प न बसणाऱ्या बाईनं हे एवढंच मनात ठेवावं, याचा मला अजून उलगडा होत नाही.

विद्यापीठानं शोकसभा घेतली. जुन्या हॉलमध्येच, तिथली वीज आता उत्तम चालत होती. सेक्रेटरी बोलले, बाई म्हणजे संस्थेचा आत्मा होत्या. मंगल बोलायला उभी राहिली आणि रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. सभेनंतर सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले की बाईंचा एखादा चांगला फोटो द्या, कन्व्हेन्शन सेंटरमधल्या एका हॉलला त्यांचं नाव द्यायचा विचार आहे. मी म्हटलं, फोटो होस्टेलच्या दारावर लावणार असाल तर देते, मुली राहायला आल्या की. ते हसले. शहनाजआपा माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आल्या. दाव्यात बाईंच्या जागी आता त्यांचं नाव आहे. तारीख पडली की गुडघ्यांना पट्टे बांधून कोर्टात जातात.

होस्टेल उभं आहे, कुलूप लावलेलं. आणि मंडळाची निवडणूक पुन्हा आली आहे. मी बँकेत नोकरी करते, चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम सुटतो. तरी मी अर्ज भरला आहे. अर्ज भरल्याचं कळलं तशी मंगलनं फोन केला. ती यावेळी उभी नाही. म्हणाली, माझं मत तुलाच, दवाखान्यातल्या आपल्या कॉलेजच्या सगळ्या बायकांनाही आणते. मग तिनं विचारलं, "मला माफ केलंस ना?"

मी म्हटलं, "मत दे. मला ते हवं आहे. माफी माझ्याकडे मागू नकोस. ती द्यायचा हक्क ज्यांचा होता, त्या गेल्या."

मग मी तिला मतदानाची जागा आणि वेळ सांगितली, ओळखपत्र विसरू नकोस म्हटलं आणि फोन ठेवला.