पाहुण्याची सही

आमच्या पेठेत माणसाचा पगार थकवतील, पण त्याला उपाशी झोपू देणार नाहीत. ही स्तुती आहे की तक्रार, ते मला लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही.

माझं माहेर गडहिंग्लजचं. तिथंही फुटबॉलचं वेड काही कमी नाही, त्यामुळे स्थळ आलं तेव्हा आईनं मुलाची नोकरी विचारली, व्यसन विचारलं, फुटबॉलचं विचारलंच नाही. ते असणारच, असं धरून चाललं होतं. कोल्हापुरात आले तेव्हा नवरा तालमीच्या संघाचा हाफबॅक होता. गुडघा गेला आणि तो सेक्रेटरी झाला. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेचं मंडळ तेच, गणपती त्याच मंडळाचा आणि फुटबॉलचा संघही त्याच तालमीचा. नवऱ्याचं नाव घ्यायची माझ्या पिढीला सवय नाही, आणि ‘अहो’ म्हणून हाक मारली तर गल्लीत चार जण वळून बघतात. म्हणून मी त्यांना सेक्रेटरी म्हणते. त्यांना तो मान वाटतो. मीही खुलासा केलेला नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत संघात पेठेतलीच पोरं खेळायची. मग शेजारच्या पेठेनं बाहेरून दोन खेळाडू आणले आणि आम्हाला सलग दोन सामन्यांत हरवलं. झालं. त्या आठवड्यात तालमीत जी बैठक बसली, तिच्यात सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या तालमीत एकमत झालं की मला धडकीच भरते. आपणही परदेशी खेळाडू आणायचा, असं ठरलं. पैशाचं काय, हा प्रश्न एका म्हाताऱ्या सभासदानं विचारला तर त्यांना चहा देऊन गप्प बसवलं. तेवढ्यात वॉर्डातून निवडणुकीला उभे राहणारे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “पावण्याचा पगार माझ्याकडं लागला.” टाळ्या पडल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्याकडे हौसेला मोल असतं, फक्त ते दुसऱ्यानं द्यायचं असतं.

पाहुणा आला तो नायजेरियाचा, गोव्यात दोन वर्षं खेळून. बचावफळीत स्टॉपर म्हणून खेळायचा. उंच, शांत, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबणारा. आमच्या पेठेत ही सवय कुणालाच नसल्यामुळे लोकांना पहिले काही दिवस वाटलं की त्याला ऐकू कमी येतं. त्याच्या स्वागताचा फलक चौकात लागला. त्यावर उमेदवाराचा चेहरा गाडीच्या चाकाएवढा होता, खाली सगळ्या सभासदांचे फोटो होते आणि ज्याचं स्वागत करायचं तो तळाच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकाराचा.

तो राहिला आमच्या माडीवरच्या खोलीत. “चार दिवस” असं सेक्रेटरी म्हणाले होते. चार दिवसांचा अख्खा हंगाम झाला. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा घरात एक विद्यार्थी वाढला इतकंच. त्याची भाषा म्हणजे गोव्यात उचललेलं हिंदी आणि आमच्या गल्लीतल्या पोरांकडून घेतलेलं मराठी. मला तो इतरांसारखाच ‘वैनी’ म्हणायला लागला.

खेळ मात्र सोन्यासारखा. त्याच्या बाजूनं बॉल पुढे गेलेला मी क्वचितच पाहिला. पहिला सामना जिंकल्यावर तालमीच्या फळ्यावर, जिथं एरवी वर्गणी न दिलेल्यांची नावं असायची, तिथं पाहुण्याच्या जेवणाचं वेळापत्रक लागलं. सोमवारी हे घर, मंगळवारी ते. बुधवार आणि रविवारसाठी तर भांडणं, कारण ते मटणाचे वार. गल्लीतल्या जैन घरानं गुरुवार मागून घेतला आणि पुरणपोळीबरोबर तुपाची अशी वाटी ठेवली की दुसऱ्या दिवशी सरावाला त्याला पळवेना. बारशाला तो, वास्तुशांतीला तो. एका लग्नात त्याला फेटा बांधून वराच्या शेजारी उभा केला होता. त्या अल्बममध्ये नवऱ्यामुलापेक्षा तोच जास्त रुबाबदार दिसतो.

पहिल्या महिन्याचा पगार पूर्ण मिळाला. दुसऱ्या महिन्याचा निम्मा. मग निवडणूक झाली, आमचे आश्रयदाते पडले, आणि पडल्यावर त्यांना तालमीचा रस्ताच आठवेना. तिसऱ्या महिन्यापासून पगार बंद. गंमत अशी की हे कुणाला जाणवलंच नाही. कुणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं: “त्याला काय कमी हाय? रोज जेवतंय की.” आमचे सेक्रेटरी स्वतः दर आठवड्याला म्हणायचे, “बघतो, करतो कायतरी.” ते खोटं बोलत नव्हते. बघत होतेच. करायला हातात काही नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

ही कथा एकट्या आमची असती तर झाकून राहिली असती. पण त्या वर्षी निम्म्या पेठांनी नाकापेक्षा मोती जड करून ठेवला होता. एक संघ हंगामाच्या मध्यावर मैदानावर आलाच नाही. समोरचे अकरा जण पंधरा मिनिटं उभे राहून घरी गेले. दुसऱ्या एका तालमीनं आपली गाडी विकली. आणि तिसऱ्या संघाचे बाहेरचे तीन खेळाडू लीगच्या कचेरीच्या पायरीवर बॅगा घेऊन बसले, तेव्हा लीगवाल्यांना जाग आली. बैल गेल्यावर का होईना, झोपा करायला घेतला.

मे महिन्यात लीगचं पत्र आलं. प्रत्येक बाहेरच्या खेळाडूनं आपली सगळी रक्कम मिळाल्याची सही द्यायची. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत सही कचेरीत पोचली नाही तर त्या तालमीचं नाव पुढच्या हंगामातून वगळणार. पुन्हा यायचं तर त्यानंतरच्या वर्षी, सगळ्यात खालच्या गटातून.

सेक्रेटरींनी ते पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. त्यांच्या वडिलांनी ह्या तालमीकडून अनवाणी फुटबॉल खेळलेला. घरात ह्यांचा स्वतःचा एक फोटो भिंतीवर नाही, संघाचे अकरा आहेत. तालीम वरच्या गटात नाही, अशी कल्पना त्यांना कधी करावीच लागली नव्हती.

कमिटीला मात्र घोर नव्हता. “सही करतंय की ते. घरचंच हाय,” असं म्हणून त्यांनी जे आमच्या पेठेला सुचतं तेच केलं: जेवण ठेवलं. बुधवारी दुपारी, आमच्याच घरी. शाळेला सुट्टी होती, म्हणजे स्वयंपाकाला मी होतेच. सात जण कमिटीचे आणि आठवा पाहुणा. तांबडा, पांढरा, सुकं मटण, नंतर आमरस. वाढता वाढता मला वाटून गेलं की बोकडाला कापण्याआधी ओवाळतात तसं काहीतरी चाललंय. पण मी वाढत राहिले, आणि रस्सा मात्र झकास झाला होता, तेही लपवत नाही.

हात धुऊन झाल्यावर कमिटीतल्या एकानं कागद काढला. सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारून आणली होती. पाहुण्यानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्याकडे दिला. म्हणाला, “वैनी, वाचा.”

मी वाचला. वर्गात धडा वाचते तसा, स्वच्छ आवाजात. “माझी ठरलेली संपूर्ण रक्कम मला मिळाली असून माझी कोणतीही तक्रार नाही.” मग हिंदीत अर्थ सांगितला. तो नेहमीसारखा क्षणभर थांबला.

“मिळाली?” त्यानं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

“आरं, मिळंल की,” एक जण म्हणाला. “तुला कुठं परकं धरलंय आमी? कवा उपाशी ठेवलंय का?”

“न्हाय,” तो म्हणाला. “मी जेवलो. रोज जेवलो. पर माझी आई हितं जेवाय येत न्हाय.”

मी हातातल्या कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. खरं सांगायचं तर मला फार लाज वाटली. कमिटीला मी मनातल्या मनात हसत होते खरी, पण माडीवरच्या खोलीचं भाडं घेत नाही, चहा-नाश्ता आपलाच, हे सगळं मीही कुठंतरी जमेला धरलंच होतं. पाच महिने तो माझ्या घरात होता. घरी कोण असतं, काय पाठवतोस, एवढं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. भाजी आवडली का, हे मात्र रोज विचारलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “वैनी, तुम्ही सांगा. तुम्ही करा म्हणलासा तर करतो सही. तालीम ऱ्हाईल.”

ह्याच्यापेक्षा तो चिडला असता तर बरं झालं असतं. कमिटीचे बाकी सहा जण माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरी तेवढे फरशीकडे. त्यांनी मान वर केली असती आणि नुसतं डोळ्यांनी विचारलं असतं, तरी मी काय म्हटलं असतं कोण जाणे. त्यांनी केली नाही.

“नको करू,” मी म्हटलं.

कमिटी पान न खाता उठली. दारात एकानं चपला घालताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “गडिंग्लजची शेवटी.” घरात दोन दिवस सेक्रेटरी माझ्याशी फक्त मीठ, पाणी आणि किल्ली एवढ्याच विषयांवर बोलले. शुक्रवारी तालमीतून निरोप आला की सही आपणच कुणीतरी मारू, इंग्रजीत, कोण बघतंय. निरोप घेऊन आलेल्याला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

शनिवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी कुठं म्हणून विचारलं नाही. परत आल्यावर खुर्चीत बसले आणि स्वतःच सांगितलं. कागदावर सहीच्या जागी त्यांनी आपल्या हातानं लिहिलं होतं: साडेतीन महिन्यांची रक्कम देणे बाकी आहे. खाली स्वतःची सही, सेक्रेटरी म्हणून. कचेरीतला माणूस त्यांचा जुना प्रतिस्पर्धी, ह्यांचा गुडघा ज्याच्या पायाखाली गेला तोच. तो म्हणाला होता, “पाच वाजंस्तवर थांबा की जरा, बघू कुणाकडनं काय हुतंय का.” हे थांबले नव्हते.

“तू नको म्हणाल्यावर मी तरी कसा करू?” एवढं म्हणून त्यांनी चहा मागितला.

लीगनं शब्द पाळला. आमचं नाव वगळलं आणि आमच्या वाट्याची तिकिटांची रक्कम तालमीला न देता थेट पाहुण्याच्या हातात ठेवली. उरलेले पैसे दिवाळीपर्यंत त्याच सात जणांनी कुरकुरत गोळा करून पाठवले. जेवणावळीला कधी कुणी कुरकुरलं नव्हतं. तो गोव्याला गेला तेव्हा त्याला पोचवायला स्टँडवर अर्धी पेठ होती आणि प्रत्येकाच्या हातात डबा. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, एवढं सामान कुणाचं. डब्यांवरून शेवटपर्यंत वाद चालला होता.

डिसेंबरात नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्याच्या दिवशी सेक्रेटरी सकाळपासून घरातल्या घरात फिरत होते. दुपारी म्हणाले, “जरा जाऊन येतो.” स्टेडियम घरापासून चालत दहा मिनिटं. मी मेथी निवडत बसले होते. तासाभरात दार वाजलं.

“संपली मॅच?”

“न्हाय. हाफटाइम झाला.”

“मग?”

त्यांनी चपला काढल्या आणि त्या नीट जोडून ठेवल्या. आमच्या स्टेडियममध्ये कुणी कुठंही बसत नाही. लिहिलेलं कुठं नाही, पण ही बाजू ह्या पेठेची, ती त्या पेठेची, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आमच्या बाजूला त्या दिवशी दुसरेच लोक बसले होते.

“बसायचं कुठं त्येच कळंना,” ते म्हणाले.

मी ‘नको’ म्हटलं होतं त्याचा मला पस्तावा नव्हता, आजही नाही. पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी मेथी तशीच पेपरात गुंडाळली, पदराला हात पुसले आणि त्यांना पुन्हा चपला घालायला लावल्या. आम्ही पोचलो तेव्हा दुसरा हाफ निम्मा सरला होता. उरलेला आम्ही दोघांनी फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभ्यानंच बघितला.