शिडाच्या दोरीपाशी थांबलेली नाव

ती घटना मला आजही स्पष्ट आठवते. मात्र जे तेथे नव्हतेच, त्यांना ती माझ्याहून अधिक आठवते, याचे नवल वाटते. एका सेवानिवृत्त सहकाऱ्याने लिहिले की, आरोपी रडला आणि मी विरघळलो. आरोपी रडला नाही. मीही विरघळणाऱ्यांपैकी नव्हतो.

१९३० नंतरची ती वर्षे. मी बारामतीस फौजदार म्हणून नेमणुकीवर होतो आणि इंदापूरचे फौजदार रजेवर असल्याने तिकडचे काम माझ्याकडे होते. भीमा दुथडी भरलेली असताना भरदुपारी शिडाच्या दोन नावा समोरासमोरच्या काठांवरून तिरप्या येऊन एकमेकींवर आदळल्या. एक नाव उलटली. तिच्यातले उतारू वाचले, नावाडी बुडाला. दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने वर्दी दिली की, हा अपघात नव्हे. दुसऱ्या नावेच्या नावाड्याने आठवड्यापूर्वी भर बाजारात मयताला धमकावले होते, "तुझी नाव भीमंत घालीन." वाद नाव लावण्याच्या जागेचा होता. मी त्याला अटक केली. खुनाचा गुन्हा शाबीत झाला असता, तर तो फासावर गेला असता.

"धमकी दिली होतीस?"

"व्हय सायेब, दिली व्हती. माझी बायकू मला रोज देती, अजून जित्ता हाय."

हवालदाराने हात उचलला. मी त्याला बाहेर पाठवले.

"भरदिवसा समोरची नाव दिसत होती. वळला का नाहीस?"

"वळायचं काय काम? पल्याडच्या काठाकडं बघितलं, तर ती बाभळीवरनं लिंबावर आली, लिंबावरनं देवळावर सरकली. म्हंजी माझ्या म्होरनं निघून जाणार. हितं समदे असंच बघत्यात."

दारातून हवालदार म्हणाला, "साहेब, हा आता आपल्याला झाडं मोजायला लावणार."

मलाही तसेच वाटले. तरीही आरोपपत्रापूर्वी जागा पाहावी, हा माझा नियम होता. संगमाकडच्या रुंद पात्रात नाव चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावले. सगळे त्याला आबा म्हणत. आरोपीला बेडीसह नावेत बसवले आणि समोरच्या काठावरून दुसरी नाव त्याच वाटेने सोडली.

मी झाडांकडे पाहत होतो. समोरची नाव बाभळीवरून लिंबावर आली, मग देवळाकडे निघाली. मी म्हणालो, "ही तर पुढून जाते आहे."

आबा हसले. "सायेब, झाडं काठावर हायती. आपुन पुढं चाललो की तीच मागं सरत्यात, म्हून नाव म्होरं सरल्यागत दिसती. धडक बसली तर आपल्या नावंला बसंल, झाडाला न्हाय. ही शिडाची दोरी बघा. जागचं हलू नका. ती नाव दोरीच्या म्होरं गेली, तर म्होरनं जाईल. मागं पडली, तर मागनं. आन् दोरीपाशीच थांबून नुसती मोठी व्हत गेली, तर वळायचं."

मी दोरीकडे पाहिले. नाव तिच्यापाशी खिळून राहिली होती आणि मोठी होत होती. अगदी जवळ आल्यावर आबांनी सुकाणू वळवले. उसळलेल्या पाण्याने हवालदार न्हाऊन निघाला.

आरोपी हळूच म्हणाला, "आबा, हे आदी सांगितलं आसतं तर तो जित्ता आसता."

"तुमी दोघं कुणाचं ऐकणारं व्हता रं?"

ठाण्यात परतून मी पहिल्या दिवसाचे जबाब पुन्हा काढले. उलटलेल्या नावेतल्या भाजीवालीने सांगितले होते, "नावाडी म्हनला, गप बसा, त्यो म्होरनं चाललाय." म्हणजे मयतही झाडेच पाहत होता. समोरचा पुढून जाईल, असे दोघांनाही वाटले आणि दोघेही वळले नाहीत. खुनाचे कलम मी स्वतः काढून टाकले. बेदरकारपणाबद्दल त्याला थोडी कैद झाली, ती योग्यच होती.

आता माझे टीकाकार म्हणतात की, नावाड्यांनी फौजदाराला बनवले. खरी गोष्ट याहून वाईट आहे आणि ती मीच सांगितलेली बरी. भाजीवालीचा तो जबाब माझ्याच हस्ताक्षरात होता. पहिल्या दिवसापासून तो माझ्यासमोर होता; पण धमकी कानांवर पडल्यानंतर मी तो उघडलाच नाही. खुनाचा संशय माझ्या मनात एकाच जागी उभा होता आणि नुसता मोठा होत होता. वळण्याची वेळ आली होती, हे मला नदीवर जाईपर्यंत कळले नाही.