विहिरीतलं ‘आमी’

नव्वदीच्या अखेरीला मी फवारणी पंपांच्या कंपनीत होतो. हिंगोलीत आम्ही चौघं विक्रेते, त्यांचा म्होरक्या मी. वार्षिक मेळाव्यात मोठे साहेब गरजायचे, “कोण विकणार?” आम्ही सगळे, “आमी!” त्या वर्षी असे ओरडलो की हॉलचे पंखे थांबून उलटे फिरले. निघताना साहेबांनी कानात सांगितलं, हा जोश पावसाळाभर टिकव. एक गडी जरी गळाला तर उरलेल्यांना तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांत फेकीन. माझी लेकरं हिंगोलीच्या शाळेत. मला हलायचं नव्हतं.

जोश आठ दिवस पुरला. नवव्या दिवशी आमचा हट्टा गावचा गडी म्हणाला, लोक नमुना दाखवा म्हणून अख्खं रान फुकटात फवारून घेऊन राहिले, मी उद्या चाललो.

साखऱ्याच्या रस्त्याला एक विहीर होती, भर पावसातही कोरडी. रोज सकाळी तिच्या काठावर घोषणा द्यायची शिस्त मीच लावलेली. आवाज दुप्पट होऊन यायचा, बरं वाटायचं. मी डाव टाकला. जवळच्या तांड्यावरच्या एका दोस्ताला विहिरीच्या पायऱ्यांवर लपवलं. आम्ही गप्प राहिलो की आतून ओरड म्हटलं.

सकाळी वारा मेलेला. मी विचारलं, “कोण विकणार?” तिघंही गप्प.

विहिरीतून आलं, “आमी.” मग परत, “आमी. आमी. आमी.” हजेरी दिल्यासारखं, संथ, दर वेळी वेगळा गळा. बरोबर चार.

हट्ट्याचा गडी सगळ्यांत आधी जीपमध्ये बसला. त्या दिवशी सेनगावात आम्ही असे सुटलो की एस.टी.च्या कंडक्टरलाही पंप विकला, शेत नसलेल्या.

दुपारी दोस्ताची पाठ थोपटायला तांड्यावर गेलो. भर उकाड्यात तो घोंगडी पांघरून बसलेला. मी एकदाच ओरडलो, म्हणाला. मग हळूच, “भाऊ, मह्या खालच्या पायऱ्यांवर अजून तिघं काहून बसवले व्हते?”

मी ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी जीप विहिरीपुढून दामटायला लागलो, तर हट्ट्याच्या गड्यानंच ब्रेक मारायला लावला.

“इथंच द्यायची घोषणा,” तो म्हणाला. “आपण न्हाई बोललो तर ते बोलतील.”

पावसाळाभर आम्ही घसे फाडले. एकही गडी गळाला नाही. तापातसुद्धा कुणी रजा घेतली नाही.

पुढच्या मेळाव्यात साहेबांनी मंचावर बोलावून युक्ती विचारली. मी म्हणालो, “जागा रिकामी होऊ द्यायची न्हाई, साहेब. घ्यायला बसलेले असतात.”

साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं.