दत्ताच्या फ्लेक्सवरचं मिसाईल

माझ्या भावाला ज्यानं मारलं, त्याचाच फोटो गावानं भावाच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर छापलाय.

जळकोटच्या स्टँडजवळ. हायवेला तोंड करून, येताजाता सगळ्यांना दिसेल असा.

दत्ता माझा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर इंजिन फिटर होता. जहाजात गहू होता, गहू! भांडण दोन परक्या देशांचं. त्यातल्या कुठल्यातरी विमानानं मिसाईल सोडलं आणि ते दत्ताच्या जहाजावर येऊन बसलं.

आज वर्ष झालं. बॉडी मिळाली नाही.

आणि फ्लेक्सवर काय? एका बाजूला दत्ता. दुसऱ्या बाजूला लढाऊ विमान, आणि त्याच्या पोटाखाली जहाज फोडायचं तसलंच मिसाईल. वर मोठ्या अक्षरात 'वीर सुपुत्र'. खाली ओळीनं पुढारी, सगळे हसरे.

काल भावकीच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला, तसा फ्लेक्सवाल्याला फोन केला. म्हणाला, "ताई, बॅकग्राउंड मोकळं मोकळं दिसत होतं. म्हणून जरा दमदार टाकलं."

दमदार! शाब्बास रे भाद्दरांनो.

"आत्ताच्या आत्ता उतरवा" म्हटलं, तर "साहेबांचे फोटो आहेत ताई, आठ दिवस राहू द्या."

तसं आमच्या भावकीत मिसाईलचं ज्ञान वर्षभर उतू चाललंय. चुलते नाना तर ग्रुपवर रोज एक व्हिडिओ टाकतात. सांत्वनाला आले तेव्हा आईच्या पुढ्यात मांडी ठोकून सांगत होते,

"वहिनी, इमान शेकडो किलोमीटर लांबूनच सोडून देतं अन् माघारी फिरतं. पायलटला जहाज दिसतबी न्हाय. मिसाईल पाण्याला घासून येतं, म्हणून रडारला लवकर घावत न्हाय. जवळ आलं की सोताचं रडार उघडतं अन् जहाज धरतं. काय टेक्नॉलॉजी हाय!"

हातात चहाचा कप. आमच्याच घरचा चहा.

मी विचारलं, "नाना, जहाजात गहू हाय का तोफा, ते कळतं का त्याला?"

"ते कसं कळंल?"

"मग कसली डोंबलाची टेक्नॉलॉजी!"

तेव्हापासून नाना माझ्याशी बोलत नाहीत. लई उपकार झाले.

नानांचं एकच टुमणं. पळसाच्या पानांचा पुतळा करा, अग्नी द्या, मोकळे व्हा. बॉडी नसली की आपल्यात तसंच करतात.

आई वर्षभर नाहीच म्हणाली. का, ते कुणाला सांगेना. नाना म्हणायचे, "येडी आशा हाय वहिनींची."

आज सकाळी मी तुळजापूरहून एसटीनं आले. आई घ्यायला आली होती. नेमकी त्या फ्लेक्ससमोर उभी.

मी पुढं होऊन तिचा हात धरला.

"ह्येच का गं ते?" तिनं विमानाखाली बोट दाखवलं.

"व्हय."

फ्लेक्सच्या आणखी जवळ गेली. मग म्हणाली,

"येताना आवाज आला आसंल का गं त्येला? भ्यालं आसंल का माझं लेकरू?"

वर्षभर हे घेऊन बसली होती बाई. आणि आम्ही तिला रेंज सांगत होतो. थू आमच्या ज्ञानावर!

नानांचे सगळे व्हिडिओ मी पाहिलेत. शिव्या देत देत, पण पाहिलेत.

"न्हाय आई. ते पाण्यालगत येतं. वर डेकवरच्या माणसालाबी अगदी शेवटच्या घडीला दिसतं. दत्ता तर खाली इंजिनपाशी. तिथं शेजारचा वरडला तरी ऐकू येत न्हाय, त्यानंच सांगितलेलं. त्याला काहीच कळलं नसंल."

"खरं सांगतीस?"

"तुझी शपथ."

आई तिथंच रस्त्याच्या कडेला बसली. वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. माणसं बघत होती. बघू दे.

मग डोळे पुसून म्हणाली, "भेदरलेल्या लेकराला कसं लावून देणार हुते मी? आता करा त्येचं."

दुपारी शेतात पळसाच्या पुतळ्याला अग्नी दिला. आईनं शेवटपर्यंत बघितलं.

दत्ता, आईनं तुला निरोप दिलाय रे. सावकाश जा.