मावशींनी विचारलेली गोळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ज्यांचं नावही विचारलं नाही, त्या बाईंवर लिहायला धजतोय, याची आधीच माफी मागतो.

वाशीच्या एका हॉस्पिटलात ताईचं ऑपरेशन होतं. जुळ्यांनंतर सुटलेलं पोट तिला नीट करून घ्यायचं होतं. इंग्रजी फॉर्म मी भरत होतो.

"काही औषध चालू आहे?"

"नाही," ताई म्हणाली. मी तसं लिहिलं.

चादर बदलणाऱ्या मावशींनी ऐकलं. चादरीचं टोक गादीखाली खोचत त्या म्हणाल्या, "दादा, जरा बाहेर उभा राहा."

पाच मिनिटांनी त्यांनीच दार उघडलं. "लिही. मूल नको म्हनून रोज गोळी चालू हाय."

"ते कुठे औषध असतं?" ताई पुटपुटली. मी मान खाली घातली.

"तू लाज, ती पन लाजू दे," मावशी म्हणाल्या. "रक्ताची गाठ लाजत नाय."

डॉक्टरांनी वाचून ऑपरेशन पुढे ढकललं. त्या गोळीने रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, ऑपरेशननंतर पडून राहिलं की आणखी, असं समजावलं. गोळी थांबवून मूल न होण्याचा दुसरा उपाय सांगितला. मावशी तोवर शेजारच्या खोलीत चादर झटकत होत्या. इतकं शिकून मी फक्त रकाने भरायला शिकलो होतो.

महिन्याभराने ऑपरेशनला परवाची नवी तारीख मिळाली. परवा आणि काल माझी परीक्षा होती, जाता आलं नाही. काल पेपर देऊन बाहेर येताच भावोजींचा फोन आला. ऑपरेशन छान झालंय, आणि ताई थोडी वाकून, पण कोणाचाही हात न धरता वॉर्डात फेऱ्या मारतेय!